जिवंत वजन

काट्यावर उभा राहिलो तेव्हा काट्याच्या माणसाने आधी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "शिसं लागेल."

मला वाटलं तो मागच्या कुणाशी बोलतोय. मागे कुणी नव्हतं. सकाळची रपेट संपली होती, बाकीचे जॉकी नळावर चिखल धूत होते, आणि मी खोगीर छातीशी धरून तसाच उभा होतो. "शिसं? मला?" मी विचारलं. "नाहीतर काय मला?" तो म्हणाला. त्याचं पोट टेबलाला टेकलेलं असतं. "दोन किलो कमी आहेस. जड खोगीर घेतलंस तरी पुरणार नाही." तो हसत होता. इतक्या वर्षांत त्याने मला एकच गोष्ट सांगितली होती, की अजून थोडं उतरव. मी काट्यावरून उतरलो, पुन्हा चढलो. आकडा तोच होता. मला त्याचं काही वाटलं नाही. फक्त खोगीर खाली ठेवताना त्याचा पट्टा माझ्या बोटात अडकला आणि तो सोडवायला मला फार वेळ लागला, एवढं आठवतं.

ज्यांनी शर्यती फक्त लांबून पाहिल्या असतील त्यांना सांगायला हवं. प्रत्येक घोड्याला त्या शर्यतीपुरतं वजन ठरवून दिलेलं असतं, आणि जॉकी अधिक खोगीर मिळून तेवढं भरावं लागतं. जॉकी जड असला तर त्याला बसू देत नाहीत. हलका असला तर खोगिराखालच्या कापडाला खिसे असतात, त्यांत शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात. पट्ट्या घालायची वेळ नव्या पोरांवर येते, नाहीतर आजारी माणसांवर. माझ्यावर कधी आली नव्हती. मी जड हाडाचा. मामाने मला पहिल्यांदा तबेल्यात नेलं तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या ट्रेनरने मला घोड्यावर बसता येतं का, हे विचारलंच नाही. त्याने काखेत हात घालून मला उचललं, पोतं उचलून बघावं तसं, आणि खाली ठेवून मामाला म्हणाला, "आत्ता चालेल. पण याची हाडं बघ. हा जन्मभर उपाशी राहणार." मामाला ते कौतुक वाटलं. घरी येऊन त्याने सगळ्यांना सांगितलं. आणि म्हातारा बोलला ते खरं झालं. मी मोसमामागून मोसम पहिला आलो, कपाट भरून चषक आणले, गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलं, पेपरात फोटो आले, पण रोजचं काम म्हणाल तर ते एकच होतं, न खाणं. घोड्यावर बसणं म्हणजे सुट्टी. खरं काम घामाच्या खोलीत, गरम पाण्यात, रबराचा कोट घालून रस्त्याने पळण्यात, आणि जेवणाच्या वेळी दुसरीकडे बघण्यात.

आता मी काहीच करत नव्हतो आणि वजन आपोआप जात होतं. बायको गेल्यापासून मला भूक लागली नव्हती. आयुष्यभर जिच्याशी मारामारी केली ती भूकच एके दिवशी उठून निघून गेली होती, आणि घर शांत होतं.

ट्रेनर, म्हणजे त्याच म्हाताऱ्याचा मुलगा, अंगणात घोडीचा खूर हातात घेऊन बसला होता. काट्याची बातमी माझ्या आधी पोचली होती. "या घोडीला शिसं चालत नाही," तो मान वर न करता म्हणाला. "तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मागे एकदा नव्या पोराला बसवून पट्ट्या घातल्या तर अर्ध्या वाटेत पाठ चोरायला लागली. शिसं एका जागी बसून राहतं रे. माणूस तिच्याबरोबर हलतो. तिला जिवंत वजन पाहिजे." त्याने खूर सोडला आणि उभा राहिला. उंच माणूस आहे, माझ्याशी बोलताना त्याला नेहमी वाकावं लागतं. "पुढच्या रविवारपर्यंत भर. नाहीतर चष्म्याला बसवतो. मला आवडणार नाही, पण बसवीन."

चष्मा म्हणजे आमच्यातला दुसरा जॉकी. घोड्यावरून उतरला की पहिल्यांदा चष्मा शोधतो, म्हणून ते नाव. चांगला माणूस आहे.

"आणि हे बघ," ट्रेनर म्हणाला, "ही शर्यत तू चुकवलीस तर पुढच्या मोसमात मी मालकांना कुठल्या तोंडाने सांगू, की यालाच घ्या? ते म्हणतील, वय झालं, बायको गेली, संपला. मी काय सांगू?"

"भरतो," मी म्हणालो.

"अरे खा ना! लोकांना डॉक्टर सांगतात खाऊ नका, तुला मी सांगतोय खा. असं सुख कुणाच्या नशिबी असतं?" तो हसला, मग त्याला आठवलं आणि त्याने हसणं गिळलं. माझ्याशी बोलताना सगळ्यांचं तेव्हा असंच होत होतं.

मला ती घोडी हवी होती. हवी होती म्हणजे तिच्यावर जीव होता असं नाही. तेव्हा कशावर जीव आहे की नाही ते कळतच नव्हतं. पण ती गेली तर सकाळी उठून कुठे जायचं, ते मला माहीत नव्हतं. अंधार संपता संपता उठायचं, बूट घालायचे, तबेल्यात जायचं. एवढंच उरलं होतं. तेही गेलं असतं तर मी पलंगावर बसून राहिलो असतो, आणि कुणी ऊठ म्हणालं नसतं. आम्हाला मूलबाळ नाही.

घरी येऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो. स्वयंपाकघराचं दार हे आमच्या घरातलं एकुलतं एक दार, जे नीट बंद होतं. बाकीची सगळी फुगलेली आहेत, ढकलावी लागतात. हे तिने रंधा मारून घेतलं होतं, खाली फटीला रबराची पट्टी लावली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने काहीतरी तळलं होतं. दुसऱ्या दिवशी माझी शर्यत होती. मी उठून बाहेर गेलो, आणि वास जाईपर्यंत रस्त्याने फिरत राहिलो. परत आलो तेव्हा ती खिडक्या उघडून बसली होती. त्यानंतर कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण ती दार लावून स्वयंपाक करायला लागली, दार लावून जेवायला लागली. मी रपेटीला गेलेलो असताना, नाहीतर दुपारी गरम पाण्यात बसलेलो असताना. बाहेर यायची तेव्हा भांडी घासलेली असायची आणि तिच्या हाताला साबणाचा वास यायचा. मला अन्नाचा वास आठवत नाही, तो साबणाचा आठवतो. माझं ती बाहेर आणून द्यायची, बशीत मावेल एवढं, आणि मी ते संपवेपर्यंत समोर बसून पेपर वाचून दाखवायची. अशी आमची जेवणं. लोक तिला विचारायचे, एकटं जेवायचा कंटाळा नाही येत? ती म्हणायची, "कंटाळा कसला, तेवढीच माझी करमणूक." मला वाटायचं, थट्टा करते.

माझ्या बायकोला जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं ते इस्पितळात. नर्सने मला विचारलं, "काय आवडतं यांना? थोडं आवडीचं दिलं तर जाईल पोटात." मला माहीत नव्हतं. नर्सला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिने मोठ्याने विचारलं. मी म्हणालो, "तिलाच विचारा." मग तिला कुस्करलेला बटाटा भरवला, आणि मी खुर्चीवर बसून बघत होतो. ती डाव्या बाजूने चावायची. घास गिळताना डोळे मिटायची. मध्येच तिचं लक्ष गेलं आणि तिने तोंडावर हात धरला. "अहो, तिकडे बघा ना," ती म्हणाली. "खाताना कुणी बघतंय याची सवय नाही मला." मी खिडकीकडे बघितलं. तिथे एक टाकी होती आणि टाकीवर दोन कबुतरं. मग एकदा तिला काट्यावर उभं केलं, दोन्हीकडून धरून. नर्सने आकडा सांगितला, आणि माझ्या तोंडून निघालं, "शाब्बास!" नर्स माझ्याकडे अशी बघायला लागली की आता मला बाहेरच काढणार. पण ही इतकी हसली, इतकी हसली की तिला पुन्हा पलंगावर बसवावं लागलं. "चालू द्या हो सिस्टर," ती म्हणाली, "आमच्या घरात हीच शाबासकी असते."

हे सगळं मला उभ्या उभ्या दिसत होतं आणि हातात पाव होता. पावाचा तुकडा तोंडात घातला, चावला. लाकडाचा भुसा चावावा तसा तो तोंडात फिरत राहिला. गिळताच येईना. मळमळ नव्हती, ओकारी नव्हती. घशाला नुसतं ठाऊकच नव्हतं की हे खाली न्यायचं असतं. मी तो काढून टाकला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. ट्रेनर सकाळी माझ्या गालांकडे बघायचा आणि दुसऱ्या घोड्याकडे वळायचा. चष्मा घोडीला हात लावून जायचा, सहज गेल्यासारखा.

मग दुपारी फोन वाजला. आमच्याकडे जुना फोन आहे, स्वयंपाकघरात भिंतीला लावलेला. त्या वेळी कधी वाजलेला मी ऐकला नव्हता, कारण त्या वेळी मी गरम पाण्यात असायचो. उचलला. पलीकडे कुणी बोलेना. भांड्याचा आवाज आला, मग श्वास.

"भावोजी?" माझी मेव्हणी होती. बायकोची धाकटी बहीण, लांबच्या गावात असते, शिवणकाम करते, नवरा जहाजावर. "चुकून लागला. म्हणजे हातानेच लावला हो. ताट वाढून घेतलं आणि हाताने लावला."

मी विचारलं, ताट वाढून फोन कशाला?

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" ती म्हणाली. पलीकडे चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला. "ताई आणि मी रोज बरोबरच जेवायचो. ती तिथे, मी इथे. फोन मध्ये ठेवून. तिला एकटीला घास जायचा नाही, लहानपणापासून. जेवताना बोलायला लागायचं तिला. तोंडात घास असतानाच बोलायची, आई ओरडायची."

मी भिंतीकडे बघितलं. फोनच्या खाली रंग गेलेला एक गोल होता, डोकं टेकून टेकून होतो तसा. तो मी रोज बघत होतो.

"ती गेल्यापासून माझंही जेवण बंदच आहे," मेव्हणी म्हणाली. "उभ्याने काहीतरी टाकते पोटात. तुम्ही जेवलात?"

मी तिला शिशाचं सांगितलं, घोडीचं सांगितलं, रविवारचं सांगितलं. एवढं मी कुणाशीच बोललो नव्हतो. ती ऐकत होती, मध्येच म्हणाली, "थांबा. समोर काय आहे?"

"पाव."

"मग बसा तिथे. ताईच्या स्टुलावर बसा. तोंडात घाला. मला ऐकू आलं पाहिजे."

"काय ऐकू येणार पाव खाताना?"

"मला कळतं. इतकी वर्षं ऐकलंय. घाला."

मी घातला. ती तिच्या गिऱ्हाइकाबद्दल बोलायला लागली. कोट शिवायला टाकलेली एक बाई, दर आठवड्याला जाड होते आणि म्हणते कापड आटलं. "मी म्हटलं, बाई, कापड आटत असेल तर बाह्यांतही आटेल ना, नुसतं पोटावरच कसं आटतं?" ती बोलत होती, आणि बोलता बोलता चावत होती, डाव्या बाजूने की काय कोण जाणे, पण तो आवाज मी इस्पितळात ऐकला होता. माझा पाव संपला. कधी गिळला ते कळलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी. मी तिला विचारलं, ती काय खायची? मेव्हणी म्हणाली, "अंडी. लोण्यात तळलेली, कडा पार करपेपर्यंत. आणि वर मिरपूड, शिंक येईल एवढी. पिवळं फोडायची नाही, शेवटपर्यंत राखून ठेवायची. आणि शिळा पाव त्याच तव्यात." मी लोणी आणलं. कढईत नव्हे, तव्यातच, असं तिने बजावलं होतं. तवा खालच्या फळीवर होता, आतून काळाभोर, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. अंडं फोडलं. दार मी लावलं नाही, मला सुचलंच नाही. वास सगळ्या घरात गेला, पडद्यांत बसला, आमच्या पलंगापर्यंत गेला. मी संध्याकाळी झोपायला गेलो तर उशीलाही तोच. उठून रस्त्यावर जावंसं वाटेल अशी मी वाट पाहिली. तसं काही वाटलं नाही. चांगलंही वाटलं नाही. नुसता वास होता आणि मी त्यात पडून होतो.

गुरुवारी ट्रेनरने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला, घोड्याचे दात बघताना करतो तसं. "आला रे आला, माणसात आला," तो म्हणाला. "एवढंच ठेव. आता थांबलास तरी चालेल." घोडी मला घेऊन एक फेरी पळाली. तिचे कान पुढे होते. माझ्या हातांना लगाम लागत होता तेवढा लागत होता, पुढचं काही कळत नव्हतं. पूर्वी घोडा काय करणार ते मला बोटांत आधी कळायचं.

शुक्रवारी जेवताना मी मेव्हणीला विचारलं, "माझ्याबद्दल कधी बोलायची?"

"तुमच्याबद्दलच बोलायची. अजून कुणाबद्दल बोलणार?" ती म्हणाली. "रागावू नका हां. म्हणायची, हे एकदा घोड्यावरून उतरले ना, कायमचे, की पहिल्या दिवशी मी यांना समोर बसवणार. टेबल नाही, खुर्च्या नाहीत, जमिनीवर समोरासमोर. आणि एक शब्द बोलणार नाही, नुसती खाणार आणि यांना खाताना बघणार. दरवर्षी म्हणायची, या मोसमानंतर. मी म्हणायचे, ताई, तुझा नवरा घोड्यावरच म्हातारा होणार. ती म्हणायची, होऊ दे, दात असले म्हणजे झालं."

मी तव्याची कड पावाने पुसत राहिलो. मेव्हणी म्हणाली, "आहात ना?" मी म्हणालो, आहे. तिने विचारलं, अजून एक अंडं घेताय का? मी म्हणालो, घेतो.

शनिवारी मी सकाळी जेवलो, दुपारी जेवलो, संध्याकाळी जेवलो. भूक होती म्हणून नाही. समोर काहीतरी ठेवायचं आणि ते संपवायचं, हे आता मला येत होतं, आणि ते थांबवायचं कुठे ते येत नव्हतं. न खायचं किती हे मला तोळ्यापर्यंत कळतं. खायचं किती ते मी कधी शिकलोच नाही. इतकी वर्षं सुकवून ठेवलेलं शरीर मिळेल ते पाणी, मिळेल ते मीठ धरून ठेवतं, हे आमच्यातल्या कुणालाही विचारा, सांगेल. मलाही माहीत होतं. बाथरूममध्ये काटा आहे. रोज सकाळी डोळे उघडण्याआधी मी त्याच्यावर उभा राहत आलोय. त्या आठवड्यात मी त्याच्यावर कपडे टाकत होतो.

रविवारी शर्यतीआधी वजनाला उभा राहिलो. रंगीत सदरा छातीवर ताणला होता, विजारीचं वरचं बटण मी लावलं नव्हतं, वरून पट्टा घातला होता. काट्याच्या माणसाने आकड्याकडे पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. "हे काय?" तो म्हणाला. "अरे, हे काय?"

ट्रेनर धावत आला. किलोभर जास्त होतं. तो आधी काट्यावर ओरडला, मग काट्याच्या माणसावर, मग माझ्यावर. "खा म्हटलं होतं, गोदाम भर म्हटलं नव्हतं! सकाळी बघितलं नाहीस? तू? तू काटा बघितला नाहीस?" सगळे जॉकी आमच्याकडे बघत होते. मग तो शांत झाला. तो नेहमी असा एकदम शांत होतो, म्हणून चांगला ट्रेनर आहे. "ठीक आहे," तो म्हणाला. "वेळ आहे अजून. घामाच्या खोलीत जा. एवढं तर तू झोपेत काढतोस. जा."

खोलीचं दार समोरच होतं. काचेतून वाफ दिसत होती. बाकावर माझी जागा ठरलेली आहे, कोपऱ्यातली, तिथलं लाकूड माझ्या पाठीच्या आकाराचं झालंय. चष्मा भिंतीला टेकून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. आत गेलो असतो तर वजन निघालं असतं, यात मला काहीच शंका नव्हती.

"नको," मी म्हणालो.

"नको म्हणजे?"

"जेवलोय."

"जेवलायस ते दिसतंय मला! तेच काढायचंय."

"नको," मी म्हणालो. "जेवलोय."

तो वाकला आणि त्याने माझ्या तोंडाकडे जवळून पाहिलं. काय दिसलं कोण जाणे. मग सरळ झाला आणि म्हणाला, "चष्मा, चल." एवढंच. मी सदरा काढून खुंटीला लावला. खोगीर चष्म्याच्या हातात दिलं. त्याने घेतलं आणि "धन्यवाद" म्हणाला आणि लगेच "माफ करा" म्हणाला.

साध्या कपड्यांत मी लोकांच्या बाजूला गेलो. त्या बाजूला मी कधी उभा राहिलो नव्हतो. कठडा माझ्या गळ्यापर्यंत येत होता, म्हणून मी पायऱ्या चढून वर गेलो आणि एका जोडप्याच्या शेजारी थांबलो. दोघंही माझ्याच वयाची, जाड, त्यांच्यामध्ये डबा उघडा होता. तेवढ्यात कर्ण्यावरून सांगितलं की पाच नंबरच्या घोडीवरचा जॉकी बदललाय, ठरलेल्या जॉकीचं वजन जास्त भरल्यामुळे.

"वजन जास्त? त्याचं?" नवरा म्हणाला. "अगं, तो तर काडी आहे काडी. मी पेपरात बघितलाय."

"घरात असेल कुणीतरी नीट खायला घालणारं," बायको म्हणाली.

"मग माझं बघ की." त्याने स्वतःच्या पोटावर थाप मारली.

"तुम्हाला कोण घालतंय? तुम्ही माझी पाठ वळली की चोरून खाता." ती माझ्याकडे वळली. "खरं की नाही हो? बायकोने लाड केले की असं होतं."

"खरं आहे," मी म्हणालो. "असंच होतं."

घोडे सुटले. इथून त्यांचा आवाज येत नव्हता. आत असताना तो एवढा मोठा असतो की दुसरं काही राहत नाही, आणि इथे लोक ओरडत होते आणि लांबवर काहीतरी सरकत होतं, रंगीत ठिपके. वळणावर चष्म्याने तिला आतून घेतलं. मी बाहेरून घेतलं असतं. समोर आले तेव्हा कुठे टापा ऐकू आल्या, आणि लगेच गेल्या. घोडी तिसरी आली. ती छान पळाली, पाठ सरळ होती तिची. नवऱ्याने हातातली पैजेची चिठ्ठी फाडली. बायको म्हणाली, "मी सांगत होते, सांगत होते मी."

मग तिने डबा माझ्यापुढे धरला. "घ्या हो. कधीचे नुसते उभे आहात. इथे बसा, अहो, सरका जरा." नवरा सरकला. मी त्या दोघांच्या मध्ये बसलो. पावात घातलेलं काहीतरी होतं, काय ते मी बघितलं नाही. दोन्हीकडून दोघं जेवत होती, माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत, तोंडात घास असतानाच. मी चावलं. पहिला घास खाली गेला. दुसरा घशाशी आला आणि तिथेच थांबला, आणि मला श्वास घेता येईना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाकातून, थांबेचना. मी तोंडावर हात धरला.

त्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "सावकाश," ती म्हणाली. "सावकाश खा. कुठे पळायचंय तुम्हाला?"